वाचनाचा एक दिवस आणि उरलेले ३६४



१५ ऑक्टोबर जवळ आला की नोटीस बोर्डावर एक कागद लागतो. 'वाचन प्रेरणा दिनानिमित्त सर्व विद्यार्थ्यांनी ग्रंथालयात उपस्थित राहावे.' त्याच्या शेजारीच सबमिशनच्या तारखांचा कागद लागलेला असतो, त्यामुळे कोण कुठं उपस्थित राहतं हे मी सांगायला नको! पण हा दिवस नेमका आहे तरी काय, शाळांमध्ये तो कसा होतो, त्यातून काही निष्पन्न होतं का, आणि होत नसेल तर घोडं कुठं अडतं, यावर आमच्या रूममध्ये इतका वाद झाला की शेवटी म्हटलं, लिहूनच काढू. मी धर्माबादचा, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मराठीचा अभ्यासक वगैरे नाही. पण एक मशीन कुठं अडकतंय हे शोधायची सवय चार-सहा सेमिस्टरमध्ये लागतेच, त्याच सवयीनं हा विषय मांडतोय.

आधी माहिती. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम २७ जुलै २०१५ रोजी शिलाँगला विद्यार्थ्यांसमोर बोलता बोलता गेले. त्याच वर्षापासून महाराष्ट्र शासनानं त्यांचा जन्मदिवस, म्हणजे १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळायला सुरुवात केली. कलामांचं नाव निवडण्यात औचित्य आहे. त्यांच्या आत्मचरित्राचा माधुरी शानभाग यांनी केलेला अनुवाद, 'अग्निपंख', याची एखादी तरी कोपरे दुमडलेली प्रत प्रत्येक हॉस्टेलमध्ये सापडते. रामेश्वरमच्या लहानपणी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, गाडी स्टेशनात थांबायची बंद झाली, तेव्हा चालत्या गाडीतून टाकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे गोळा करायला हा मुलगा आपल्या नातेवाइकाला मदत करायचा. म्हणजे छापील कागद त्याच्या हातात आला तो आधी पोटापाण्याचं काम म्हणून. वाचनाची आवड वगैरे शब्द नंतरचे.

शाळांत हा दिवस कसा होतो? पुष्कळ ठिकाणी त्या दिवशी दप्तराला सुट्टी असते. पोरं व्हरांड्यात, झाडाखाली रांगेनं बसतात, प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक. काही गावांत ग्रंथदिंडी निघते. पालखीत पुस्तकं, पुढं लेझीम, नऊवारी नेसलेल्या मुली, फेटे बांधलेली पोरं, आणि ओट्यावर उभ्या राहून बघणाऱ्या आया. मग फोटो. ते फोटो वर पाठवायचे असतात, म्हणून पुस्तक सरळ धरलंय का हे सर दोनदा बघून जातात. आमचा एक रूममेट म्हणतो की हे सगळं फोटोसाठीच असतं. मला तसं वाटत नाही. गावात पालखी निघते ती देवाची किंवा संतांच्या पादुकांची. त्या पालखीत पुस्तक ठेवलेलं बघून आमच्याकडची म्हातारी माणसं हात जोडतात, ही लहान गोष्ट नाही. हात जोडल्यावर पुढं काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता थोडं आमच्या धर्माबादबद्दल, कारण अक्षराचा सोहळा करण्यात आमच्या भागाइतका अनुभव फार थोड्यांना असेल.

धर्माबाद म्हणजे नांदेड जिल्ह्याचं तेलंगणाला खेटलेलं टोक. बाहेरच्यांना ते लाल मिरचीच्या बाजारामुळे माहीत असतं. हंगामात स्टेशनात उतरलात तर नाव वाचायची गरज नाही, शिंक सांगते! गाडी तशीच सिकंदराबादच्या बाजूला पुढं गेली की येतं बासर. गोदावरीच्या काठावरचं ज्ञानसरस्वतीचं देऊळ. तिथं रोज लहान लेकरांचा अक्षराभ्यास चालतो. आईबाप लेकराला मांडीवर घेऊन बसतात, पुजारी त्याचा हात धरून पहिलं अक्षर गिरवून घेतात. वसंत पंचमीला तर एवढी गर्दी उसळते की उभं राहायला जागा नसते. तेलुगू घरांतले येतात तसे आमच्या भागातले मराठी लोकही लेकरं घेऊन जातात. ज्यांना स्वतःला सही येत नाही असे बापही त्या रांगेत तास तास उभे असतात. (त्याच बासरला २००८ मध्ये राजीव गांधी विद्यापीठाची ट्रिपल आयटी निघाली. म्हणजे पहिल्या अक्षरापासून बी. टेक. पर्यंतची सोय एकाच गावात!) आणि बासरला जाणं झालं नाही तरी दसऱ्याला घरोघर पाटीपूजन असतंच. एक-एक आकडा जोडून काढलेली पाटीवरची सरस्वती तुम्ही सगळ्यांनीच काढली असेल.

हा झाला पहिल्या अक्षराचा सोहळा. शेवटच्या धड्याचा सोहळाही महाराष्ट्रानं केलेला आहे, तो मात्र आपल्या पिढीला फारसा माहीत नाही. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. कल्पना साधी. गावातल्याच शिकलेल्यांनी, शिक्षकांनी, वरच्या वर्गातल्या पोरांनी संध्याकाळी देवळात, चावडीत मोठ्या माणसांना शिकवायचं. वयोगट १४ ते ५०. पगार नाही, इमारत नाही, दिव्याचं तेल गावाचं. सगळं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. सगळा गाव एकत्र जमून, थाटात. १९६१ पासून ही मोहीम टप्प्याटप्प्यानं बाकीच्या जिल्ह्यांत गेली, आणि १९७२ मध्ये युनेस्कोनंही तिची दखल घेतली. फुकटात, लोकांनी लोकांना शिकवलं, हे आजही मला थक्क करणारं वाटतं. पण समारंभानंतर मांडव उतरले, आणि जिथं वाचायला नवीन काही हातात आलं नाही तिथं पुष्कळ जण शिकलेलं विसरून गेले. सहा महिने न चालवलेली मोटार जशी गंजते तसंच.

म्हणजे पहिल्या अक्षराचा उत्सव आपल्याकडे आहे, साक्षर झाल्याचा आहे, आणि २०१५ पासून पुस्तकाचाही आहे. या सगळ्यांच्या मधला जो लांब, कंटाळवाणा टप्पा असतो, अक्षर ओळखण्यापासून गोष्टीत रमण्यापर्यंतचा, त्याला मात्र कोणी वाली नाही. घोडं तिथंच अडतं. का अडतं ते समजून घ्यायला वाचताना डोक्यात काय चालतं ते बघावं लागेल. घाबरू नका, व्हायवा नाही घेत.

आपल्याला वाटतं आपले डोळे ओळीवरून सरळ घसरत जातात. तसं नाही. डोळा उड्या मारत जातो. एका जागी सेकंदाचा साधारण पाव भाग थांबतो, तेवढ्यात जे दिसेल ते उचलतो, पुढं उडी मारतो. सराव झालेला माणूस एका थांब्यात अख्खा शब्द उचलतो. नवशिक्या लेकराला मात्र एकेक अक्षर उचलावं लागतं. त्यात आपली देवनागरी. तिची एक मोठी सोय आहे, जसं बोलतो बहुतेक तसंच लिहितो. इंग्रजी स्पेलिंगसारखी फसवाफसवी नाही. पण अडथळेही आहेत. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि तोंडातून नंतर निघते. रफार डोक्यावर बसतो आणि उच्चार मात्र त्या अक्षराच्या आधी करायचा. 'सूर्य', 'प्रश्न', 'राष्ट्र' यांत तीन वेगवेगळ्या जागी तोच 'र' तीन वेशांत. मोठ्यांना हे जाणवतही नाही. सात वर्षांच्या पोराला प्रत्येक शब्द म्हणजे एक असेंब्ली ड्रॉइंग असतं.

आता गणित करू. समजा एका वाक्यात दहा शब्द आहेत. मिनिटाला साठ शब्द वाचणारं पोर ते दहा सेकंदांत संपवतं. मिनिटाला पंधरा शब्द वाचणाऱ्याला चाळीस सेकंद लागतात. चाळीस सेकंदांनी वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत त्याला वाक्याची सुरुवात आठवत नाही! आपल्या डोक्यातली तात्पुरती स्मृती ही रॅमसारखी आहे, जागा थोडी, आणि लाईट गेली की साफ. सगळी रॅम अक्षर ओळखण्यातच खर्च झाली तर अर्थ लावायला उरतं काय? म्हणून ते पोर 'वाचतं' पण त्याला कळत नाही. सर म्हणतात लक्ष नाही. लक्ष असतं हो, सगळं लक्ष 'र'च्या मागेच गेलेलं असतं. २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान साठ शब्द, अर्थासह, वाचावेत असं उद्दिष्ट ठेवलंय, त्यामागं हेच कारण आहे. हा आकडा शर्यतीसाठी ठेवलेला नाही. त्याच्या खाली अर्थाची गाडी सुरूच होत नाही.

प्रत्यक्षात चित्र काय आहे? 'असर' नावाची पाहणी २००५ पासून होते. त्यात स्वयंसेवक खेड्यांत घरोघर जातात, लेकराला समोर बसवून अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या ४८.७ टक्के मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता आली. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना आली नाही. ही सगळी मुलं शाळेत नाव असलेली. पंधरा ऑक्टोबरला त्यांच्याही हातात पुस्तक असतं, फोटोत तीही असतात.

मागच्या दिवाळीत घरी असताना आमच्या शेजारची चौथीतली एक मुलगी मला धडा वाचून दाखवायला आली. खडखडून वाचला, कुठं अडखळली नाही. तिची माय कौतुकानं बघत होती. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी त्याच धड्यातल्या मधल्या ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवून म्हटलं, "हा कोणता शब्द?" गप्प. बोट दुसरीकडं नेलं, तरी गप्प. मग तिनं हळूच धड्याची पहिली ओळ मनातल्या मनात म्हणायला सुरुवात केली, ओठ हलत होते, मोजत मोजत त्या शब्दापर्यंत आली आणि मग बरोबर सांगितला! सगळा धडा पाठ होता. चित्र बघून कोणता धडा ते ओळखायचं आणि टेप सुरू करायची. एवढी दांडगी स्मरणशक्ती असलेली पोर मंद म्हणून वर्गात मागं बसवलेली. चार वर्षांत तिला वेगळं, तिनं आधी न पाहिलेलं असं एकही पुस्तक वाचायला मिळालं नव्हतं, मग चोरी सापडणार कशी? पाठ्यपुस्तक वर्षभर तेच असतं. ते पाठ होतं, आणि पाठ होणं वाचण्यासारखंच दिसतं.

तिच्या घरात तेलुगू बोलतात, हेही सांगायला हवं. आमच्या भागात हा भाग मोठा आहे. बाजारात मराठी, घरी तेलुगू, कुणाच्या घरी उर्दू, तांड्यावर गोरमाटी. घरची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी असली की पोराला एकाच वेळी दोन कामं करावी लागतात. आधी अक्षरं जुळवून शब्द काढायचा, आणि मग तो शब्द ओळखीचाच निघत नाही! 'म्हैस' वाचून म्हैस डोळ्यापुढं आली तर वाचल्याचं बक्षीस मिळालं. नाही आली तर नुसता आवाज काढला.

यात नवीन काही नाही म्हणा. आमचे आजोबा निजामाच्या राज्यात शिकले, उर्दूतून. घरी मराठी बोलणारा माणूस, पण शेतीचे कागद उर्दूत सरसर वाचायचे आणि मराठी वर्तमानपत्र बोट लावून. त्या काळी मराठवाड्यात साधी खासगी शाळा काढायची तरी सरकारची परवानगी लागे, आणि सभेलाही. अशा दिवसांत हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा चालली, पुढं अंबाजोगाईला योगेश्वरी शाळा उभी राहिली, आणि या दोन्ही ठिकाणी शिकवणारे व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे आपले स्वामी रामानंद तीर्थ, पुढं मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते मुळात शाळामास्तर होते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? असो.

तर त्या मुलीच्या शाळेत पुस्तकं नव्हती का? होती. शाळेचं नाव सांगत नाही, कारण नाव कुठलंही घातलं तरी चालेल. लोखंडी कपाट, त्यात गोष्टींची चांगली शंभर-दीडशे पुस्तकं, रंगीत, काहींची पानंही सुटी झालेली नव्हती इतकी नवी. कपाटाला कुलूप, किल्ली ऑफिसात. पंधरा ऑक्टोबरला बाहेर निघतात, मोजून वाटतात, मोजून आत जातात. याचा राग येतो, पण कारण समजून घेतलं तर सरांचाही फार दोष वाटत नाही. पुस्तकं स्टॉक रजिस्टरला चढलेली. एक हरवलं तर उत्तर द्यायचं कोणी? बदली होताना चार्ज देताना मोजणी होते. पुस्तक फाटलं म्हणजे वाचलं गेलं, असं रजिस्टरला लिहिता येत नाही. त्यात रकाना फक्त 'शिल्लक'चा.

ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. आपल्या लायब्ररीत पुस्तकांची मांडणी ज्या शास्त्रानं होते त्याला त्यांनी १९३१ मध्ये पाच नियम घालून दिले. त्यातल्या पहिल्याचा आशय एवढाच, की पुस्तक हे वापरण्यासाठी आहे. हा काय नियम झाला, असं वाटेल. पण मध्ययुगात युरोपात पुस्तकं साखळीनं कपाटाला बांधून ठेवत, तिथून ही गोष्ट इथवर आलेली आहे. आमच्या तालुक्यात साखळीचं कुलूप झालं, एवढंच.

आता उपाय. मोठे तज्ज्ञ लावायची गरज नाही, ज्या शाळांत वाचन खरंच रुजलं तिथं साधारण सारख्याच गोष्टी दिसतात. पुस्तकं पोरांच्या हाताला येतील अशी दोरीवर किंवा फळीवर लावलेली. रोज ठरलेला वेळ, वीस मिनिटं का होईना, वेळापत्रकात लिहिलेला, 'वेळ मिळाला तर' नाही. पोरानं पुस्तक स्वतः निवडायचं, सोपं निवडलं तरी हरकत नाही, पाचवीतल्यानं दुसरीचं घेतलं तरी कोणी हसायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोठ्यानं वाचून दाखवणारं माणूस. ज्या पोराची रॅम अक्षरांतच संपते त्याला दुसऱ्यानं वाचलेली गोष्ट पूर्ण कळते, आणि पुस्तकात काहीतरी मजा आहे एवढं तरी त्याला पटतं. मग अक्षरांशी झटापट करायला कारण मिळतं.

त्या वीस मिनिटांत शाळेतल्या प्रत्येकानं वाचायचं, हे मला फार पटलेलं आहे. प्रत्येकानं म्हणजे मुख्याध्यापकांनी, शिपायानं, खिचडी शिजवणाऱ्या ताईंनीसुद्धा. सर रजिस्टर भरत बसले आणि पोरांना म्हणाले वाचा, तर पोरांना कळतं की वाचन हे लहानांना गुंतवायचं काम आहे. आईबाप निरक्षर असले तरी त्यांचं काम आहेच. रोज दहा मिनिटं ऐकायचं. मिरचीचे देठ खुडता खुडता ऐकता येतं, त्याला काही सोडावं लागत नाही. लेकरू अडखळलं तर सुधारता येणार नाही, नसू दे, पण "मग पुढं काय झालं?" असं विचारता येतं, आणि त्या एका प्रश्नानं पाठांतराचं पितळ उघडं पडतं.

पुस्तकं कुठून आणायची? बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंकही आता मोफत वाचायला ठेवलेले आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर २०१५ पासून शेकडो गोष्टी खुल्या आहेत, छापून वाटल्या तरी चालतात. आणि आमच्या सीमाभागाच्या दृष्टीनं सोन्यासारखी गोष्ट म्हणजे तीच गोष्ट, त्याच चित्रांसह, मराठीत आणि तेलुगूत मिळते. घरी माय तेलुगूत ऐकेल, शाळेत पोर मराठीत वाचेल. अशा दहा गोष्टी मी लॅबच्या नाही, बाहेरच्या प्रिंटरवर काढल्या (लॅब असिस्टंट सरांनी कृपया नोंद घ्यावी) आणि त्या मुलीला दिल्या. साताऱ्याकडं भिलार गाव २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं, घराघरांत पुस्तकं ठेवली, लोक गाड्या करून बघायला जातात. त्यांच्याकडं स्ट्रॉबेरी, आमच्याकडं मिरची. पण आम्हाला गाड्या यायला नकोत, कपाटाचं कुलूप निघालं तरी पुरे.

आता तुम्ही म्हणाल, शाळेचं पुराण हॉस्टेलच्या पोरांना कशाला. तर आपल्या फर्स्ट इयरला बघा. दहावीपर्यंत मराठी मीडियम, सीईटीला चांगला स्कोअर, आणि इथं आल्यावर थर्मोडायनॅमिक्सचं इंग्रजी पुस्तक उघडलं की एका पानाला अर्धा तास. पानाच्या शेवटी पोचलं की पानाची सुरुवात आठवत नाही. ओळखीचं वाटतंय ना? पंधरा शब्दांचं आणि चाळीस सेकंदांचं तेच गणित, फक्त पोर आठराचं झालं. मग आयएमपी प्रश्न, लोकल ऑथर, मागच्या वर्षीच्या जर्नलची झेरॉक्स आणि पाठांतर. त्या चौथीतल्या मुलीची युक्ती, वरच्या लेव्हलला! एटीकेटी लागली की आपणही म्हणतो, लक्ष नव्हतं. माझ्या मते हुशारीचा यात संबंध नाही. रोज वीस मिनिटं, अभ्यासाबाहेरचं, सोपं इंग्रजी वाचलं तर दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत वेग वाढतो, आणि वेग वाढला की रॅम मोकळी होते. आमच्या विंगमध्ये दोघांनी हे करून बघितलंय. मराठीचंही तसंच. मोबाईलवर दोन ओळींचे मेसेज वाचून दहा पानांचा दम टिकत नाही.

आणि हॉस्टेल म्हणजे फक्त आपण नाही. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७५ टक्के निघाली, राज्याची सुमारे ८२. जिल्ह्यातल्या पुरुषांत ती सुमारे ८४ टक्के आणि बायकांत सुमारे ६६. म्हणजे सात वर्षांवरच्या दर तीन बायकांतल्या एकीला वाचता येत नव्हतं. या आकड्यातली एक बाई रोज आपल्याला पोळ्या वाढते. गेल्या वर्षी मेसमधल्या मावशी मोबाईल घेऊन माझ्याकडं आल्या. "बाळा, हे काय लिवलंय बग बरं. नातीच्या शाळेतून आलंय म्हणं." नातीच्या शिष्यवृत्तीसाठी बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स अमुक तारखेपर्यंत द्या, असा मेसेज होता. तारीख जाऊन चार दिवस झाले होते. मेसेज आला त्या दिवशी मावशींनी फोन बघितला होता, चित्र नव्हतं म्हणून ठेवून दिला. "चित्र आलं तर मला समजतंय रे. नुसतं लिवलेलं आलं की कोणाला तरी गाठावं लागतंय, अन् तुमी पोरं परीक्षेत." शाळेनं नंतर ते कागद घेतले का, तर नाही. त्या वर्षीचे पैसे गेले ते गेलेच.

तेव्हापासून दर गुरुवारी रात्री मेस आवरल्यावर पाठीमागच्या टेबलावर आम्ही तिघं-चौघं मावशींबरोबर बसतो. सुरुवात अ-आ-इ पासून केली नाही. मेसेजमध्ये येणाऱ्या शब्दांपासून केली. 'शाळा', 'तारीख', 'बँक', 'झेरॉक्स', 'उद्या', नातीचं नाव. २०२२ पासून २०२७ पर्यंतचा नवभारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांवरच्यांसाठी चालू आहे, त्यात परीक्षा देऊन प्रमाणपत्रही मिळतं. मावशींना प्रमाणपत्रात रस नाही. 'तारीख' हा शब्द त्या आता कुठंही दिसला तरी ओळखतात, मेसच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरसुद्धा. वॉचमन काकांना वाचता येतं, पण चष्मा जुना. त्यांच्यासाठी आम्ही मोठ्या टाइपातलं काही आहे का शोधतोय. कुणाच्या घरी असेल तर आणावं.

शेवटचं काम. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकजण गावी जाईल. जाताना आपल्या गावच्या शाळेसाठी गोष्टींची दहा पुस्तकं नेता येतील अशा पेट्या आम्ही भरतोय, खोक्यांचे पुठ्ठे मेसमधून मिळालेत. ही पुस्तकं शाळेच्या रजिस्टरला चढवायची नाहीत, फाटण्यासाठीच आहेत असं सरांना स्पष्ट सांगून द्यायची. धर्माबाद, बिलोली, देगलूर, किनवट या बाजूच्या पोरांनी मराठी-तेलुगू जोडीची पेटी मागून घ्यावी, उर्दूच्याही काही गोष्टी काढल्या आहेत. देण्याआधी एखाद्या पोराला मधल्याच पानावरच्या एका शब्दावर बोट ठेवून विचारून बघा, आणि काय उत्तर मिळालं ते परत आल्यावर आम्हाला सांगा. गुरुवारी रात्री नऊनंतर आम्ही मेसमध्येच असतो.